पाठिंब्याची कारणे : दुसरे महायुद्ध आणि सातारा-सांगलीचे राजकारण

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान जर्मनीविरुद्धच्या युद्धात उतरल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळाचे मत घेतले नाही, प्रांतोप्रांतीच्या लोकनियुक्त मंत्रिमंडळांना विचारले नाही, आणि ज्या खेड्यांतून शिपाई भरती व्हायचे होते त्यांना विचारण्याचा तर प्रश्नच नव्हता. या घोषणेतून उभा राहिलेला वाद पुढची सहा वर्षे देशाच्या राजकारणाच्या मध्यभागी राहिला. त्याचा इतिहास बहुधा दिल्ली, वर्धा आणि मुंबई येथील ठरावांच्या आधाराने लिहिला जातो, आणि त्यात युद्धाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे जितक्या तपशिलाने येते तितके पाठिंबा देणाऱ्यांचे येत नाही. महाराष्ट्राच्या ज्या भागात हा विरोध सर्वांत उग्र झाला, त्याच भागात पाठिंब्याची सर्वांत विचारपूर्वक मांडणी करणारी माणसेही वावरत होती, ही गोष्ट त्यामुळे झाकली गेली आहे. प्रस्तुत विवेचनाचा विषय ही माणसे आणि त्यांनी दिलेली कारणे हा आहे.

प्रदेशाविषयी आधी थोडा खुलासा आवश्यक आहे. युद्धकाळात सांगली जिल्हा अस्तित्वात नव्हता. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे, तासगाव, खानापूर, शिराळा हे भाग तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात मोडत. सांगली, मिरज, जत, औंध ही स्वतंत्र संस्थाने होती, आणि त्यांची गावे ब्रिटिश मुलखात अशी विखुरलेली होती की एका गावाची शीव ओलांडली की राज्य बदलत असे. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा झाला, आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून त्या काळाविषयी ‘सातारा’ म्हणताना कृष्णा-वारणेच्या खोऱ्यापासून माणदेशापर्यंतचा सगळा मुलूख ध्यानात घ्यावा लागतो.

हा मुलूख लष्करभरतीचा होता. ‘लढाऊ जमाती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धोरणानुसार, म्हणजे काही जाती उपजतच शिपाईगिरीला लायक आणि बाकीच्या नालायक अशा समजुतीवर बेतलेल्या धोरणानुसार, इंग्रजांनी मराठा पलटणींची भरती प्रामुख्याने सातारा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांतून केली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ असे लावले जाते, आणि पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. ज्या घरातला कर्ता मुलगा मेसोपोटेमियात पडला आणि ज्या घराची चूल पुढे पेन्शनवर चालली, त्या घरापुढे युद्धाचे समर्थन किंवा विरोध करणाऱ्या पुढाऱ्याला केवळ तत्त्व सांगून भागत नसे.

पहिल्या युद्धात पाठिंब्याच्या दोन तऱ्हा या भागाने पाहिल्या होत्या. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मराठ्यांच्या भरतीला उघड साहाय्य केले; ब्राह्मणेतर समाजाला लष्करातून प्रतिष्ठा आणि उत्पन्न मिळेल, हा त्यामागचा हिशेब होता, आणि साताऱ्यातील सत्यशोधक मंडळींना तो पटण्यासारखा होता. लोकमान्य टिळकांचा पाठिंबा सशर्त होता, म्हणजे मदतीच्या बदल्यात काय मिळणार हे आधी ठरवून घेण्याचा. जून १९१८ मध्ये मुंबईस गव्हर्नर विलिंग्डन यांनी भरवलेल्या युद्धपरिषदेत टिळक स्वराज्याचा मुद्दा काढू लागताच त्यांना अडवण्यात आले आणि ते सभा सोडून बाहेर पडले. सरकारला शिपाई हवे होते, अट नको होती. पुढच्या युद्धात हाच प्रसंग मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडला.

१९३९ नंतर पाठिंबा देणाऱ्यांमध्ये सर्वांत गंभीर विचार मानवेंद्रनाथ रॉय यांच्या अनुयायांचा होता, आणि त्यांतील एक प्रमुख व्यक्ती साताऱ्याच्या वाई गावी राहत होती. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे प्राज्ञपाठशाळेत घडलेले संस्कृत पंडित. सविनय कायदेभंगात त्यांनी तुरुंगवास भोगला होता, धर्मसुधारणेच्या बाजूने शास्त्राधार दिले होते, आणि मग ते रॉय यांच्या विचारांकडे वळले होते. वेदान्त आणि मीमांसा यांत मुरलेला माणूस मार्क्सवाद्यांच्या गटात जावा, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असावे. पण पूर्वपक्ष शेवटपर्यंत ऐकून मगच सिद्धान्त मांडण्याची शास्त्रीपरंपरेची शिस्त रॉयवाद्यांच्या अभ्यासवर्गांना परकी नव्हती.

रॉय यांचा युक्तिवाद असा होता. फॅसिझम, म्हणजे लोकशाही संस्था, कामगार संघटना आणि विरोधी पक्ष मोडून काढून एका पक्षाची व एका नेत्याची सत्ता स्थापणारी राजवट, ही जगातल्या सर्व स्वातंत्र्यचळवळींची पहिली शत्रू आहे. ती जिंकली तर हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा प्रश्नच उरणार नाही. उलट ती हरली तर तिला हरवताना ब्रिटिश साम्राज्यशाहीही इतकी खिळखिळी होईल की तिला हिंदुस्थान सोडावाच लागेल. म्हणून या युद्धाला पाठिंबा देणे ही इंग्रजांवरची मेहेरबानी नसून स्वातंत्र्याचीच वाट आहे, आणि त्यासाठी अटी घालत बसणे चुकीचे आहे. या भूमिकेमुळे रॉय काँग्रेसमधून बाहेर पडले आणि १९४० च्या अखेरीस त्यांनी रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष काढला.

या युक्तिवादातले भाकीत बरेचसे खरे ठरले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. युद्धाने ब्रिटन कर्जबाजारी झाले, आणि युद्ध संपल्यावर दोन वर्षांत इंग्रज गेले. नात्झी राजवटीविषयी रॉय यांनी १९३९-४० मध्ये जे सांगितले ते छळछावण्यांची कवाडे उघडल्यावर कोणालाच नाकारता आले नाही. तरीही १९४६ च्या निवडणुकांत त्यांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. याचे एक कारण सरकारी पैशाचे होते : रॉयवाद्यांच्या इंडियन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार संघटनेला युद्धप्रचारासाठी सरकारकडून दरमहा १३,००० रुपयांचे अनुदान मिळत असल्याचे उघड झाले आणि मग त्यांचे कोणतेही म्हणणे ‘सरकारधार्जिणे’ या एका शब्दात निकालात निघू लागले. पण त्याहून खोल कारण युक्तिवादाच्या आतच होते. अटी घालायच्या नाहीत असे एकदा ठरल्यावर, सरकारने गोळीबार केला, पुढारी तुरुंगात टाकले, धान्य उचलून नेले, तरी पाठिंबा काढून घेण्याला जागाच उरली नाही.

याच मुद्द्यावर एका तरुण कार्यकर्त्याची आणि रॉयवाद्यांची फारकत झाली. यशवंतराव चव्हाण हे देवराष्ट्र्याचे, कराडात वाढलेले. १९३२ मध्ये तुरुंगात गेले, आणि सुटल्यानंतरच्या काळात रॉय यांच्या विचारांनी प्रभावित झाले. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात त्यांनी या प्रभावाविषयी लिहिले आहे. बौद्धिक ओढ असूनही युद्धाच्या प्रश्नावर ते काँग्रेसबरोबर राहिले. १९४२ च्या जूनमध्ये त्यांचे लग्न झाले आणि ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ चळवळ सुरू झाल्यानंतर ते भूमिगत झाले. फॅसिझमविषयीचे रॉय यांचे विश्लेषण चव्हाणांना अमान्य होते असे मानण्यास आधार नाही. परदेशी सरकारने न विचारता लादलेल्या युद्धाच्या बाजूने सातारच्या शेतकऱ्याला उभे करता येणार नाही, ही त्यांची जाणीव निर्णायक ठरली. हीच व्यक्ती वीस वर्षांनी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, देशाची संरक्षणमंत्री झाली, आणि सप्टेंबर १९६५ मध्ये युद्धाचे समर्थन संसदेत करण्याची पाळी तिच्यावर आली. पण तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका रॉयवाद्यांपेक्षा अगदी वेगळ्या पायावर उभी होती, आणि तिचे एक मूळ साताऱ्यात सापडते. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ साताऱ्यात राहिले; भीमरावांच्या आईचे निधन तेथेच झाले, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव तेथील सरकारी हायस्कुलात दाखल झाले. लष्कराने महार कुटुंबांना शाळा, पगार आणि मान दिला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची भरती बंद केली, तेव्हा ते सगळे एका फटक्यात गेले. पहिल्या युद्धात गरज पडली म्हणून १९१७ मध्ये महार पलटण उभारली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडली. ज्या समाजाला सरकारने दोनदा दार दाखवले, त्याच्या नेत्याने तिसऱ्या वेळी दार उघडल्यावर आत शिरावे की नाही, हा प्रश्न काँग्रेसच्या ठरावांच्या भाषेत मावणारा नव्हता.

मुंबई विधानसभेत ऑक्टोबर १९३९ च्या अखेरीस बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने, हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढल्याबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव आणला. त्या चर्चेत आंबेडकरांनी स्पष्ट केले की आपले स्वतःचे हित आणि देशाचे हित यांत झगडा आला तर आपण देशाला वरचे स्थान देऊ, परंतु देशाचे हित आणि अस्पृश्यांचे हित यांत झगडा आला तर अस्पृश्यांना. युद्धविषयक चर्चेत हे वाक्य यावे याला अर्थ आहे. सहभाग असावा की नसावा, एवढ्यापुरता प्रश्न त्यांच्या लेखी मर्यादित नव्हता. देशाच्या नावाने निर्णय घेणाऱ्यांत आपले लोक कोठे आहेत, हे त्यांना विचारायचे होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, आणि जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ‘छोडो भारत’च्या ऐन धुमाळीत ते सरकारात होते, हा आक्षेप पुढे सतत घेतला गेला. हा आक्षेप घेणाऱ्यांनी महार रेजिमेंट आजही भारतीय सैन्यात आहे, हे लक्षात ठेवले तर बरे. त्यांच्या पाठिंब्याला किंमत होती आणि ती वसूल झाली. रॉय यांच्या पाठिंब्याविषयी असे म्हणता येत नाही.

हिंदुमहासभेचे समर्थन साताऱ्यातील आणि सांगली-मिरजेच्या पटवर्धनी संस्थानांतील काही सुशिक्षित वर्गात ऐकले जात होते. सावरकरांनी ‘सैनिकीकरण’ या शब्दाखाली ते मांडले : हिंदू तरुणांनी सैन्यात शिरून शस्त्रविद्या शिकावी, मग ती कोणाच्या बाजूने शिकली हे दुय्यम आहे. हा तर्क सोपा होता आणि साताऱ्याच्या भरतीच्या गावांना तो नवा नव्हता, कारण ही गावे तीन पिढ्या तेच करत होती. त्यांना त्यासाठी तत्त्वज्ञानाची गरज पडली नव्हती. संस्थानिकांविषयी तर फारसे लिहिण्याचे कारणच नाही. सार्वभौम सत्तेशी झालेल्या तहांनी ते बांधलेले होते आणि त्यांच्या पाठिंब्याला युक्तिवाद म्हणणे धाडसाचे होईल. औंधचा अपवाद मात्र नोंदवला पाहिजे. भवानराव पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये, म्हणजे युद्धाच्या आधीच, प्रजेला राज्यघटना देऊन कारभार ग्रामपंचायतींकडे सोपवायला सुरुवात केली होती, आणि याच औंधच्या हद्दीतले कुंडल पुढे १९४२ च्या लढ्यातील भूमिगतांचे मुख्य ठाणे झाले.

कम्युनिस्टांचे समर्थन तर्कदृष्ट्या सर्वांत अडचणीचे होते. २२ जून १९४१ पर्यंत त्यांच्या लेखी हे साम्राज्यवाद्यांचे आपसातले युद्ध होते आणि त्याला विरोध करणे कर्तव्य होते. त्या दिवशी हिटलरने सोव्हिएत संघावर स्वारी केली आणि काही महिन्यांत ते ‘लोकयुद्ध’ झाले, म्हणजे जगभरच्या श्रमिकांनी जिंकून देण्याचे युद्ध. त्यानंतर जुलै १९४२ मध्ये सरकारने पक्षावरची बंदी उठवली. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँकवर काँग्रेस महासमितीने ठराव केला, तेव्हा विरोधात मत देणाऱ्या, बहुतांशी कम्युनिस्ट असलेल्या तेरा सभासदांचे गांधीजींनी धैर्याबद्दल अभिनंदन केले, हे सहसा सांगितले जात नाही. तरी दोष उरतोच. मुंबईतल्या गिरणीकामगाराला किंवा तासगावच्या कुळाला जून १९४१ च्या आधी आणि नंतर भोगाव्या लागणाऱ्या परिस्थितीत काहीही फरक पडला नव्हता. फरक पडला होता तो मॉस्कोत. कारण इतरत्र ठरते आणि इथे फक्त सांगितले जाते, तेव्हा ऐकणाऱ्याला ते लवकर कळते.

विरोधकांचीही बाजू वाटते तितकी एकरंगी नव्हती. काँग्रेसने जुलै १९४० मध्ये पुण्याच्या बैठकीत, राष्ट्रीय सरकार दिल्यास युद्धाला साहाय्य करू, असा प्रस्ताव दिला होता. ऑगस्ट १९४२ च्या ठरावातही स्वतंत्र भारत आक्रमणाविरुद्ध दोस्तांच्या बरोबर लढेल असे आश्वासन होते. म्हणजे फॅसिझम वाईट आहे याविषयी दोन्ही बाजूंचे जवळजवळ एकमत होते. वाद होता तो निर्णय कोणी घ्यायचा यावर.

साताऱ्यात त्या वादाचे उत्तर सप्टेंबर १९४२ मध्ये रस्त्यावर आले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि तेथे तिरंगा लागला; ९ तारखेला वडूज येथे पोलिसांच्या गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊजण पडले; दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले अभियंते उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे मारले गेले. या गोळ्या हिटलरच्या नव्हत्या, एवढे साधे गणित खेड्यापाड्यांत पोचायला वेळ लागला नाही, आणि युद्धाच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाला या मृतांचा हिशेब देणे भाग पडले. नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले प्रतिसरकार, म्हणजे सरकारी कचेऱ्यांना समांतर न्यायनिवाडा, बंदोबस्त आणि बाजाराची देखरेख करणारी लोकांची यंत्रणा, १९४६ पर्यंत टिकले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवून लुटली. २४ जुलैला वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीच्या तुरुंगाच्या तटावरून उड्या टाकून निसटले, त्यात दोघे मारले गेले आणि दादांना गोळी लागली. याच वर्षांत याच तालुक्यांतील हजारो तरुण इटलीच्या आणि ब्रह्मदेशाच्या आघाड्यांवर लढत होते. एकाच भावकीत फौजेची मनीऑर्डर घेणारे घर आणि भूमिगतांना भाकरी पोचवणारे घर असे. कित्येकदा ते एकच घर असे. पुढाऱ्यांच्या वादात मात्र या घराचे नाव क्वचितच येते.

पाठिंब्याच्या कारणांची परीक्षा कशी करावी, याविषयी या इतिहासातून एक कसोटी निघते. कारण खरे की खोटे, एवढे पाहून चालत नाही. कोणती घटना घडल्यास हा पुढारी आपला पाठिंबा परत घेईल, हे त्याने आधी सांगितले आहे काय, ते पाहिले पाहिजे. टिळकांनी सांगितले होते, काँग्रेसने सांगितले होते, आंबेडकरांनी आपल्या परीने सांगितले होते. रॉय यांनी मुद्दामच सांगितले नाही, आणि कम्युनिस्टांना सांगण्याचे स्वातंत्र्य नव्हते. ही कसोटी केवळ गुलाम देशाला लागू आहे असेही नाही. मार्च २००३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी इराकवरील स्वारीचे समर्थन संहारक शस्त्रांच्या धोक्यावर उभे केले आणि पार्लमेंटने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी ते मान्य केले; शस्त्रे सापडली नाहीत, तेव्हा समर्थनाचे कारण बदलून सद्दाम हुसेन यांची राजवट उलथणे हे झाले, पाठिंबा मात्र होता तेथेच राहिला. तेथे निदान मतदान झाले होते. सातारच्या शेतकऱ्याला तेवढेही मिळाले नव्हते, आणि म्हणून त्याचा संशय अधिक रास्त होता.

या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाने ‘देशभक्त’ आणि ‘फितूर’ ही दोन खाती आधी बंद करावीत. लक्ष्मणशास्त्री चुकले, असा प्रस्तुत विवेचनाचा निष्कर्ष आहे. पण ते विकले गेले होते असे म्हणायला कसलाही पुरावा नाही. सातारच्या लोकांनीही पुढे हा भेद केलेला दिसतो. ज्या कम्युनिस्ट पक्षाने १९४२ च्या लढ्याला विरोध केला, त्याच पक्षाचे उमेदवार म्हणून १९५७ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. आणि युद्धाच्या प्रश्नावर रॉयवाद्यांपासून दूर झालेले यशवंतराव चव्हाण १९६० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या सरकारने स्थापन केलेल्या साहित्य संस्कृती मंडळाचे अध्यक्षपद वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना देण्यात आले.